विश्लेषण : लग्न अक्षतांनी लागते, सप्तपदीने की नोंदणीने?

लग्नसराईत ठाकुर्ली, डोंबिवली, कल्याणमधल्या हॉलना उसंत नसते. अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात आणि ‘लग्न लागले’ म्हणत पाहुणे जेवायला वळतात. पुढे कधीतरी नवरा-बायको महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात नोंदणीचा अर्ज भरतात. हॉलमधले लग्न देवाधर्माचे, कार्यालयातले सरकारचे आणि कायद्याला फक्त दुसरेच कळते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात हिंदू विवाह कायद्यात नेमके उलटे आहे.

१९५५च्या या कायद्याचे कलम ७ सांगते की, विवाह वर किंवा वधू यांच्यापैकी कोणाच्याही रूढीप्रमाणे विधी करून लावता येतो आणि त्या विधींत सप्तपदी असेल, तर सातवे पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो. म्हणजे जिथे सप्तपदी आहे, तिथे कायद्याच्या दृष्टीने निर्णायक क्षण बहुतेक पाहुणे पंगतीत किंवा बुफेच्या रांगेत असताना येतो. त्याला साक्षी असतात भटजी, जवळचे चार नातेवाईक आणि व्हिडीओवाला.

सर्वोच्च न्यायालयाने काय म्हटले?

१९ एप्रिल २०२४ रोजी न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठापुढे आलेले प्रकरण असे होते. वैमानिकाचे प्रशिक्षण घेतलेल्या एका जोडप्याने साखरपुड्यानंतर एका संस्थेकडून विवाहाचे प्रमाणपत्र घेतले आणि त्याच्या जोरावर उत्तर प्रदेशात नोंदणीही केली. विधिवत लग्न नंतर व्हायचे होते. ते होण्याआधीच बिनसले आणि प्रकरण न्यायालयात गेले. विधीच झाले नसतील तर विवाहच झालेला नाही, असे खंडपीठाने सांगितले आणि प्रमाणपत्र व नोंदणी दोन्ही रद्दबातल ठरवली. व्हिसाच्या घाईपोटी आधी नोंदणी उरकून घेण्याच्या पद्धतीवरही न्यायालयाने नाराजी दाखवली. मुलगा परदेशात नोकरीला असलेल्या कुटुंबांनी ही बाब लक्षात ठेवायला हवी. ‘आधी कागद करू, लग्न डिसेंबरात’ हा बेत हिंदू विवाह कायद्याखाली टिकत नाही.

मग नोंदणी कशासाठी?

महाराष्ट्रात १९९८च्या कायद्यानुसार विवाहानंतर ९० दिवसांत नोंदणी करायची असते, उशीर झाल्यास जादा शुल्क पडते. ‘नमुना ड’ या ज्ञापनावर वर, वधू, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारा पुरोहित किंवा काझी यांच्या सह्या लागतात. महापालिकेतला निबंधक लग्न लावत नाही. ते कुठे आणि कोणी लावले याची नोंद घेऊन तो ‘नमुना ई’मध्ये प्रमाणपत्र देतो. सरकारी अर्जावर भटजीची सही का, याचे उत्तर इथेच आहे. लग्न लावण्याचे काम राज्याने धर्माकडेच ठेवले आहे आणि स्वतःकडे नोंदवही घेतली आहे.

नोंदणी सर्व धर्मीयांना सक्तीची करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सीमा विरुद्ध अश्वनीकुमार प्रकरणात राज्यांना सांगितले. महाराष्ट्रात मुंबई राज्याचा १९५३चा नोंदणी कायदा त्याआधीपासून होता. तरीही नोंदणी केली नाही म्हणून हिंदू विवाह अवैध ठरत नाही. अडते ते पुढे, पासपोर्टवर जोडीदाराचे नाव घालताना, व्हिसाला, निवृत्तिवेतनाच्या वेळी.

सप्तपदी सर्वांनाच बंधनकारक आहे का?

नाही. कायदा रूढीला मान देतो आणि रूढी पोथीतलीच असावी असे नाही. ठाण्यापासून रायगडपर्यंतच्या आगरी-कोळी समाजात धवलारीण ही बाई धवळे गात लग्नाचे विधी पार पाडत आली आहे. ठाकुर्लीच्या चोळेगावसारख्या जुन्या वस्त्यांतल्या आगरी कुटुंबांना ही परंपरा नवी नाही. पालघरकडच्या वारली समाजात लग्न लावणारी धवलेरी असते. वारली ही अनुसूचित जमात असल्याने त्यांना हिंदू विवाह कायदा लागूच होत नाही, तिथे जमातीची रूढी हाच कायदा. संस्कृत मंत्रांशिवाय आणि पुरुष पुरोहिताशिवाय लग्न लागू शकते, हे या भागातल्या बायका कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून जाणतात.

अडचण येते ती नव्या रूढीची, कारण कायद्याच्या व्याख्येत रूढी दीर्घकाळ चालत आलेली असावी लागते. महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुरोहिताविना पहिला सत्यशोधक विवाह झाला. जुन्नरजवळच्या ओतूरला बाळाजी कुसाजी पाटील यांनी ब्राह्मणाला न बोलावता घरचे लग्न लावले, तेव्हा गावच्या जोशांनी दक्षिणेचा हक्क बुडाला म्हणून दावा ठोकला. हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. म्हणजे ‘लग्न कोणी लावायचे’ हा प्रश्न महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकातच कोर्टाची पायरी चढला होता.

बौद्ध विवाहांत सप्तपदी नसते. बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमांपुढे त्रिशरण-पंचशील घेऊन ते लागतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र बौद्ध, जैन आणि शीख हिंदू विवाह कायद्याखालीच मोजले जातात. शिखांसाठी १९०९चा आनंद विवाह कायदा, आर्य समाजासाठी १९३७चा कायदा अशा सोयी झाल्या. बौद्धांसाठी स्वतंत्र विवाह कायद्याची मागणी त्यामुळेच होत राहिली आहे. तमिळनाडूने १९६७ मध्ये कलम ‘७ अ’ आणून स्वाभिमान विवाहांना मान्यता दिली. नातेवाईक किंवा मित्रांसमक्ष एकमेकांचा स्वीकार केला, हार, अंगठी किंवा ताली घातली की पुरेसे, पुरोहित नको. ज्या महाराष्ट्रात सत्यशोधक विवाह सुरू झाले, त्या राज्याने असे कलम अजून केलेले नाही, ही गोष्ट खटकण्यासारखी आहे.

विधी सिद्ध झाला नाही तर?

याचा फटका कोणाला बसतो, हे १९६५च्या भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात दिसते. पहिली पत्नी हयात असताना फेब्रुवारी १९६२ मध्ये दुसरे लग्न केल्याबद्दल पतीला शिक्षा झाली होती. हे लग्न गांधर्व पद्धतीचे होते. सर्वोच्च न्यायालयाने पाहिले की होम आणि सप्तपदी झालेली नाही आणि ती वगळण्याची रूढीही सिद्ध झालेली नाही. दुसरा विवाह कायद्याने ‘झालाच नाही’, म्हणून द्विभार्याप्रतिबंधाचा गुन्हाही नाही. पती सुटला.

म्हणजे विधीत मुद्दाम खोट ठेवली की पुरुष सुटतो, पहिली पत्नी हात चोळत बसते आणि दुसरी पत्नी ठरतच नाही. हा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ मध्ये आहे आणि सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण आधी विधी सिद्ध करण्याची अट सुटलेली नाही. पोटगीबाबत न्यायालयांनी थोडी वाट मोकळी केली. पहिले लग्न लपवून दुसरे करणाऱ्या पतीला ‘ती माझी कायदेशीर पत्नीच नाही’ असे म्हणून हात झटकता येणार नाहीत, असे २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

इतर धर्मांत सरकार किती?

मुस्लिमांत निकाह हा करार आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आलेले प्रकरण ठाण्याचेच होते. एका मुस्लिम पुरुषाच्या तिसऱ्या विवाहाची नोंदणी ठाणे महापालिकेच्या कार्यालयाने नाकारली. १९९८च्या कायद्यात एकच विवाह अभिप्रेत आहे, असे कारण दिले गेले. न्या. बी. पी. कुलाबावाला आणि न्या. सोमशेखर सुंदरेशन यांनी ते अमान्य केले. वैयक्तिक कायदा एकाहून अधिक विवाहांना परवानगी देत असेल, तर नोंदणीचा कायदा आड येत नाही. बहुपत्नीत्व असावे की नाही, हा वेगळा वाद आहे. निबंधकाने तो टेबलावर सोडवायचा नसतो.

ख्रिस्ती विवाहांत १८७२च्या कायद्यामुळे धर्मगुरूच राज्याच्या वतीने नोंदवही ठेवतो. मात्र चर्चच्या न्यायाधिकरणाने विवाह रद्द केला म्हणून तो कायद्याने रद्द होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले. जोडायला धर्मगुरू चालतो, तोडायला न्यायालयच लागते.

फ्रान्समध्ये नगरपालिकेतला नागरी विवाह आधी, चर्च नंतर. इस्रायलमध्ये याच्या दुसऱ्या टोकाला देशांतर्गत नागरी विवाहाची सोयच नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्यानुसार नागरी नोंदणीला मूळ महत्त्व आहे.

धर्माला बाजूला ठेवायचे असेल तर?

त्यासाठी १९५४चा विशेष विवाह कायदा आहे. लोक ज्याला ‘कोर्ट मॅरेज’ म्हणतात ते हेच, पण ते कोर्टात होत नाही. जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्यासमोर, तीन साक्षीदारांच्या हजेरीत, दोघांनी एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचे शब्द उच्चारले की विवाह होतो. हवा तर सोबत कोणताही विधी करता येतो. इथले प्रमाणपत्र विवाहाचा निर्णायक पुरावा मानला जातो. दोघे वेगवेगळ्या धर्मांचे असतील, तर वारसाहक्क भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो. दोघेही हिंदू असतील तर तसे होत नाही.

खरी कसोटी नोटिशीची आहे. दोघांपैकी एकाने जिल्ह्यात ३० दिवस राहिलेले असावे लागते, नोटीस कार्यालयात लावली जाते आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. ठाकुर्लीत भाड्याने राहणाऱ्याचा कायमचा पत्ता साताऱ्याचा असेल, तर नोटिशीची प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाते. ज्या घरापासून लपून लग्न करायचे, त्याच गावात बातमी पोहोचण्याची ही सरकारी व्यवस्था. २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने नोटीस जाहीर करणे जोडप्याच्या इच्छेवर सोडले, पण तो निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही.

राज्याची भूमिकाही एकसारखी नाही. आंतरजातीय विवाहाला महाराष्ट्रात ५० हजार रुपयांचे प्रोत्साहन मिळते, तर डिसेंबर २०२२ मध्ये आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करण्यासाठी राज्यस्तरीय समिती नेमली गेली. जात ओलांडणाऱ्याला अनुदान मिळते आणि धर्म ओलांडणाऱ्याचे नाव समितीच्या कागदावर जाते.