पालेभाजीचे पाणी मोरीत ओतू नका



पालेभाजी उकडायची, पिळून घ्यायची आणि हिरवे पाणी मोरीत ओतायचे, ही रीत आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत मात्र हेच पाणी भाजीइतके मोलाचे मानतात.

तिकडे ‘कॉलर्ड’ नावाची भाजी घरोघर होते. ही कोबीचीच जात, पण गड्डा धरत नाही; नुसती रुंद, जाड पाने येतात. आपल्या काश्मीरातले ‘हाख’ तिच्याच जातीचे. खालची पाने खुडत गेले की वर नवी फुटत राहतात, आणि थंडी पडली की त्यांना गोडी येते. दक्षिण कॅरोलिनाने तर २०११ साली तिला राज्याची भाजी ठरवले.

ही पाने धुरी दिलेल्या डुकराच्या मांसाच्या तुकड्याबरोबर मंद आचेवर तासभर शिजवतात आणि मक्याच्या पावाबरोबर तोंडीलावणे म्हणून वाढतात. भांड्यात उरलेल्या पाण्याला म्हणतात ‘पॉट लिकर’. नावावर जाऊ नका, त्यात दारूचा थेंब नसतो! गुलामगिरीच्या काळात मालक भाजी खात आणि पाणी गुलामांच्या वाट्याला येई, असे तिकडे सांगतात. पुढे १९३१ साली मक्याची भाकर त्या पाण्यात बुडवून खावी की कुस्करून, यावर लुइझियानाचे गव्हर्नर ह्युई लाँग आणि अटलांटाचे एक वर्तमानपत्र यांची जाहीर जुंपली. गव्हर्नरसाहेब बुडवणाऱ्यांचे. आपण कुस्करणारे, पण तो ज्याचा त्याचा प्रश्न.

पाण्याचे एवढे मोल का? क जीवनसत्त्व आणि फॉलिक आम्ल पाण्यात उतरतात. रक्त तयार व्हायला फॉलिक आम्ल लागते. घरात गरोदर बाई असेल तर ते मोरीत घालवणे परवडणारे नाही. मात्र तासभर शिजवण्याची त्यांची रीत घेऊ नका, तेवढ्या वेळात क जीवनसत्त्व पुष्कळसे जाते.

नवलकोलाचा किंवा फ्लॉवरचा कोवळा पाला आपण गुरांपुढे टाकतो, त्याची ही भाजी करून बघा. अर्धा किलो पाला आधी धुवा, मग चिरा. जाड शिरा काढा. दोन चमचे तेलात कांदा, पाच-सहा लसूण पाकळ्या आणि दोन लाल मिरच्या परतून दोन फुलपात्री पाणी घाला. उकळी आली की पाला व मीठ घालून झाकण ठेवा. पंधरा-वीस मिनिटांत शिजतो. सोडा घालू नका. रंग राहतो, पण जीवनसत्त्वे जातात. खाली उतरवल्यावर लिंबू पिळा, म्हणजे पाल्यातले लोह अंगी लागते. तिकडे यासाठी मिरचीचा शिरका घेतात.

एक लक्षात ठेवा. फवारणी केलेल्या पिकाचा पाला, औषधाच्या डब्यावर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय चुलीवर चढवू नका. फ्लॉवरच्या बाबतीत तर नक्कीच. आणि पाणी उरलेच, तर त्याच दिवशी आमटीत घाला किंवा त्यात भाकरीचे पीठ मळा.