तलवार नको, नकारही नको

दबावाखाली माणसाची वाणी दोन वाटांनी भरकटते. एक तर ती संतापाने भडकते, नाही तर भयाने असत्याचा आश्रय घेते. ख्रिस्ती शुभवर्तमानांत या दोन्ही वाटा एकाच माणसाने एकाच रात्री चोखाळलेल्या दिसतात. येशूला धरण्यास लोक आले तेव्हा पेत्राने तलवार उपसून प्रमुख याजकाच्या दासाचा कान कापला. आणि कोंबडा आरवण्यापूर्वीच, वाड्याच्या अंगणात एका दासीने हटकताच, आपण येशूला ओळखतच नाही असे सांगून तो मोकळा झाला. असे तो तीनदा बोलला.

नव्या करारात याच पेत्राच्या नावाने असलेल्या पहिल्या पत्रात छळ सोसणाऱ्या श्रद्धावंतांना उपदेश केलेला आहे. तुमच्या आशेचे कारण कोणी विचारले, तर उत्तर देण्यास सदैव सिद्ध असा. मात्र ते सौम्यतेने, आदर राखून आणि सद्सद्विवेक निर्मळ ठेवून द्या, असा त्याचा आशय आहे. येथे सौम्यता म्हणजे माघार नव्हे. उत्तर तर द्यायचेच आहे. ते घाव न घालता द्यायचे आहे.

हे केवळ ग्रंथातच शोभते असे कोणी म्हणेल. त्याने पंडिता रमाबाईंचे चरित्र पाहावे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परक्या देशात, लहान मुलीसह, त्या आश्रयदात्यांवर अवलंबून होत्या. अशा स्थितीत, त्यांनी तरुण पुरुषांना शिकवू नये, असे काही बिशपांनी सुचविले. आपल्या आईने किंवा आपण पुरुषांना शिकविण्यास आपल्या वडिलांनी वा पतीने कधी हरकत घेतली नाही. ती आता घेतली जावी याचे आश्चर्य वाटते, असे रमाबाईंनी कळविले. चर्चच्या काही सिद्धांतांना त्यांनी डोळे मिटून होकार दिला नाही. एका पुरोहितवर्गाचे जोखड प्रयासाने झुगारल्यावर तसेच दुसरे मानेवर घेण्यास आपली तयारी नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. शब्द कोठे कोठे धारदार आहेत, पण कृतज्ञता सुटलेली नाही. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी हा वाद झाला, त्यांनीच ही पत्रे संकलित केली. आणि १९७७ मध्ये ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळामार्फत प्रकाशात आली.

पुढे दबाव उलट दिशेने आला. १८८९ मध्ये मुंबईत निघालेले व पुढे पुण्यास आलेले शारदासदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे ठरले होते. परंतु काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या आणि गदारोळ उठला. १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांच्या विश्वासाचा त्यांचा प्रश्न हलका नव्हता. रमाबाईंचे उत्तर मात्र एकच राहिले: कोणावर सक्ती करणार नाही, आणि स्वतःची उपासना दार लावून लपविणारही नाही. अनेक मुली काढून नेण्यात आल्या. त्यांचा निर्णय पटो वा न पटो, वाँटेजला एक आणि पुण्यास दुसरे असे त्या बोलल्या नाहीत, हे मान्य करावेच लागेल.

आपल्यापैकी बहुतेकांवर एवढे मोठे प्रसंग येत नाहीत. संस्थाचालक न घेतलेल्या तासांची नोंद करावयास सांगतात. वरिष्ठ दुसऱ्याने लिहिलेल्या निवेदनावर सही मागतात. मित्रमंडळी एखाद्याच्या निंदेत आपला होकार गृहीत धरतात. अशा वेळी आरडाओरड करणाऱ्याला उर्मट ठरविणे सोपे जाते, आणि मान डोलविणारा तर आधीच हरलेला असतो. 'हे मला करता येणार नाही, कारण हे खरे नाही,' एवढे शांतपणे सांगणारा माणूस नोकरीत मागे पडेलही. पण उद्या त्याच वरिष्ठाला खरी माहिती हवी असेल, तेव्हा तो त्याच्याकडेच येईल. आणि ती सांगताना आपण काल काय बोललो होतो, हे त्याला आठवत बसावे लागणार नाही.