क्लबात जाताना व्हिजिटिंग कार्ड घरी ठेवा



जुलै महिना आला की तालुक्याच्या गावांतही सेवा क्लबांचे पदग्रहण समारंभ सुरू होतात. रोटरी आणि लायन्स, दोन्हींचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. नवे अध्यक्ष, नवे सचिव, गळ्यात हार, चौकात फ्लेक्स. याच दिवसांत मला हमखास विचारलं जातं, "सर, क्लब जॉईन करू का? धंद्याला फायदा होईल का?"

माझं उत्तर असं, की जरूर करा, पण धंदा मागायला जाऊ नका. काम करायला जा. धंदा मागून येतो, आणि आलाच नाही तरी तुम्ही तोट्यात जात नाही. कसं ते सांगतो.

हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे

२३ फेब्रुवारी १९०५. अमेरिकेतल्या शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाचा वकील तिघांबरोबर बसला. एक कोळशाचा व्यापारी, एक खाणकामाचा इंजिनिअर आणि एक कपडे शिवून विकणारा व्यापारी. बैठक दर वेळी एकेकाच्या ऑफिसात व्हायची, फिरत फिरत, म्हणून नाव पडलं रोटरी.

सुरुवातीचा हेतू सरळ होता. ओळखी वाढवायच्या आणि एकमेकांना धंदा द्यायचा. एका व्यवसायातला एकच सभासद घ्यायचा. कोणी कोणाला किती काम दिलं याची नोंद ठेवायला वेगळा पदाधिकारी होता! आजच्या रेफरल ग्रुपसारखंच.

१९०६ मध्ये डोनाल्ड कार्टर नावाच्या पेटंट वकिलाला सभासद व्हायला बोलावलं, तर तो नाही म्हणाला. त्याचं म्हणणं असं, की जो क्लब फक्त स्वतःच्या माणसांचं बघतो तो फार टिकणार नाही, शहरासाठी काहीतरी करा. हॅरिसला ते पटलं आणि मग कार्टरही आत आला. १९०७ मध्ये क्लबने पहिलं सार्वजनिक काम हाती घेतलं. शहरात लोकांसाठी शौचालय बांधून घ्यायचं! विरोध झाला तो बिअर बनवणाऱ्यांकडून आणि मोठ्या दुकानदारांकडून. लोकांची सोय आमच्या बारमध्ये आणि दुकानात आहेच की, असं ते म्हणत. म्हणजे गिऱ्हाईक आत यायचं कारण जाईल ही भीती. तरी क्लब मागे हटला नाही.

लायन्सची गोष्टही अशीच. मेल्विन जोन्स हा शिकागोचाच विमा व्यवसायातला माणूस. तो ज्या व्यापारी मंडळात होता, तिथे धंद्यापलीकडे काही करूया असं त्याने मांडलं आणि १९१७ मध्ये लायन्स उभं राहिलं. १९२५ मध्ये हेलन केलर यांनी अंध लोकांसाठी काम करा असं आवाहन केलं. आज आपल्याकडे नेत्र तपासणीचं शिबिर म्हटलं की लायन्सचं नाव येतं, त्याचं मूळ तिथे आहे.

दोन्हीकडे सुरुवात धंद्याच्या ओळखींतून झाली. टिकलं ते मात्र सेवेमुळे.

रक्तदान शिबिर म्हणजे फुकटचं मॅनेजमेंट कॉलेज

मी बीबीए केलंय. तीन वर्षांत इन्व्हेंटरी, टीम, फॉलोअप हे सगळं पुस्तकात वाचलं. पण एका रक्तदान शिबिराची जबाबदारी घ्या, हे सगळं एका दिवसात समोर उभं राहतं.

आधी साठा. रक्ताच्या पिशवीलाही एक्सपायरी असते. लाल पेशी साठवणुकीच्या पद्धतीप्रमाणे ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट फक्त ५ दिवस. आता बघा, नेत्याच्या वाढदिवसाला एकाच दिवशी गावात चार शिबिरं होतात आणि मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावाला गेलेले, तेव्हा तुटवडा पडतो. चांगला क्लब आधी रक्तपेढीला फोन करून विचारतो, "तुम्हाला कधी हवंय?" आणि मग तारीख ठरवतो. मागणी बघून माल भरणं म्हणजे हेच.

मग गाळणी. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. पुरुषांना दोन रक्तदानांत ३ महिन्यांचं अंतर लागतं, स्त्रियांना ४ महिन्यांचं. नोंदणीच्या टेबलावर बसलात की रांगेतल्या माणसाला "तुम्हाला आज देता येणार नाही" हे न दुखावता सांगावं लागतं. उधारी नाकारायची असते ना, तेव्हा हाच सूर लागतो.

आणि माणसं. दुकानातला पोरगा तुम्ही पगार देता म्हणून ऐकतो. स्वयंसेवक कशासाठी ऐकेल? त्याला नेमकं काम, नेमकी वेळ आणि चारचौघांत कौतुक द्यावं लागतं. बिनपगारी माणसांकडून काम करून घेता आलं, तर पगारी माणसं सांभाळणं सोपं जातं.

खरी परीक्षा स्वतःचा माल विकताना

माझं स्टेशनरीचं दुकान आहे. दर जूनमध्ये क्लबला शाळांसाठी वह्या घ्यायच्या असतात आणि सगळे माझ्याकडे बघतात. अशा वेळी मी तीन गोष्टी पाळतो. बाहेरच्या दोन दुकानदारांबरोबर माझा दर बंद पाकिटात देतो. ठरवताना मी बैठकीबाहेर थांबतो. ऑर्डर मिळालीच तर वह्यांवर दुकानाचं नाव छापत नाही.

लोक पैसे क्लबच्या नावावर विश्वास ठेवून देतात. त्यातून तुमच्या गल्ल्यात काही गेलं आणि ते कसं गेलं हे कोणाला कळलं नाही, तर एका वर्षाचा नफा दहा वर्षांची पत खातो. लहान गावात ही पत परत मिळत नाही.

यासाठी रोटरीत चार प्रश्नांची कसोटी वापरतात. १९३२ मध्ये हर्बर्ट टेलर दिवाळखोरीच्या काठावर असलेली भांड्यांची कंपनी सांभाळत होता, तेव्हा त्याने ती स्वतःच्या कंपनीसाठी लिहिली. जे करतोय ते खरं आहे का? सगळ्यांना न्याय्य आहे का? त्याने सलोखा आणि मैत्री वाढेल का? सगळ्यांच्या हिताचं आहे का? त्याने जाहिरातींतून "सर्वोत्तम" छापाचे शब्दसुद्धा काढून टाकले, कारण ते सिद्ध करता येत नव्हते. तुमच्या दुकानाच्या बोर्डावरचा "सर्वात स्वस्त" या कसोटीला उतरतो का, बघा जरा.

जॉईन करण्याआधी

१. खर्च विचारा. वार्षिक वर्गणी, जेवणाच्या बैठका, कार्यक्रमांचे वेगळे पैसे, सगळं धरून वर्षाला किती? ती रक्कम दुकानाच्या खर्चात बसत नसेल तर नुसते स्वयंसेवक म्हणून जा. शिबिरात हात कोणालाही लावता येतो.

२. वय ४० च्या आत असेल तर जेसीआयही बघा. ती १८ ते ४० वयाच्या तरुणांचीच संघटना आहे.

३. मागच्या वर्षीचा हिशोब मागा. जो क्लब तो आनंदाने दाखवतो तिथे जा. टाळाटाळ झाली तर हात जोडून बाहेर या.

४. पहिल्या वर्षी पद घेऊ नका, काम घ्या. शक्यतो पावती पुस्तक किंवा नोंदणीचं टेबल. तिथे पैसा आणि शब्द, दोन्हींबाबत लोक तुम्हाला जवळून बघतात.

५. महिन्याला एकच काम. दुकान नवं असेल आणि सीझन चालू असेल तर काउंटर सोडू नका. घरच्यांना गल्ल्यावर बसवून फोटोत उभं राहणं ही सेवा नाही.

सहा महिन्यांत एकही गिऱ्हाईक क्लबातून आलं नाही, असंही होईल. तरी तोपर्यंत गावातल्या वीस-पंचवीस माणसांनी बघितलेलं असेल, की तुम्ही वेळेवर येता, पावती फाडता आणि उरलेले पैसे परत करता. कोणत्याही जाहिरातीत ही गोष्ट विकत मिळत नाही.

या आठवड्याचं होमवर्क: जवळच्या रक्तपेढीत जा आणि विचारा, वर्षातल्या कोणत्या महिन्यात रक्त कमी पडतं. तो महिना तुमच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करा आणि गावातल्या एखाद्या क्लबाला जाऊन सांगा, की या महिन्यात शिबिर घ्या, नोंदणीच्या टेबलावर मी बसतो. उत्तर काय मिळालं ते कमेंटमध्ये नक्की कळवा.