लष्करी शल्य परिचर्येचे पदव्युत्तर शिक्षण

लष्करी शल्य परिचर्येचे पदव्युत्तर शिक्षण म्हणजे सैन्यदलांच्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेच्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका-अधिकाऱ्यांना पदवीनंतर दिले जाणारे विशेष शिक्षण होय. महाराष्ट्रात हे शिक्षण पुणे येथील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या (एएफएमसी) परिचर्या महाविद्यालयात दिले जाते, आणि पदवी नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. पदवीचे नाव एम.एस्सी. नर्सिंग असून शल्य परिचर्या तिच्या मेडिकल-सर्जिकल नर्सिंग या शाखेत मोडते. अमेरिकेसारख्या देशांत अशा शिक्षणातून ‘क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट’ तयार होतात व त्यांना रुग्णालयात त्याच नावाचे पद मिळते. भारतात शिक्षण उपलब्ध आहे, मात्र ते पद फारसे रुजलेले नाही.

संज्ञा आणि उगम

क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट ही एका विशिष्ट रुग्णगटाच्या शुश्रूषेत पदव्युत्तर प्रावीण्य मिळवलेली परिचारिका असते. तिचे काम तीन पातळ्यांवर चालते. गुंतागुंतीच्या रुग्णाची शुश्रूषा ती स्वतः करते, विभागातील इतर परिचारिकांना मार्गदर्शन करते आणि रुग्णालयाच्या कार्यपद्धतीत सुधारणा सुचवून ती अमलात आणते. विभागप्रमुख परिचारिका मनुष्यबळ, पाळ्या आणि साहित्य यांचा कारभार पाहते, तर तज्ज्ञ परिचारिकेचे लक्ष शुश्रूषेच्या गुणवत्तेवर असते. ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडे सोपवली की पहिले दुसऱ्याचा वेळ खाऊन टाकते, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे.

या संकल्पनेला विद्यापीठीय रूप प्रथम मनोरुग्ण परिचर्येत मिळाले. हिल्डगार्ड पेप्लाउ यांनी १९५४ मध्ये अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात त्यासाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. पुढे ती शल्य, हृदयरोग, कर्करोग अशा शाखांत पसरली. अमेरिकी सैन्यदलांसाठी असलेल्या बेथेस्डा येथील युनिफॉर्म्ड सर्व्हिसेस युनिव्हर्सिटीने १९९३ मध्ये परिचर्येची पदव्युत्तर शाखा उघडली. शस्त्रक्रियेपूर्वीच्या, शस्त्रक्रियेदरम्यानच्या आणि शस्त्रक्रियेनंतरच्या शुश्रूषेसाठी तज्ज्ञ परिचारिका घडवणारा स्वतंत्र अभ्यासक्रम तेथे पुढे उभा राहिला. शल्य परिचर्येतील लष्करी तज्ज्ञतेचे उदाहरण म्हणून त्याचाच उल्लेख बहुधा केला जातो.

भारतातील पार्श्वभूमी

भारतातील संघटित लष्करी परिचर्येची सुरुवात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर झाली. २८ मार्च १८८८ रोजी दहा प्रशिक्षित ब्रिटिश परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या. हिंदुस्थानातील गोऱ्या सैनिकांच्या आरोग्याची दुरवस्था फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्याआधी अनेक वर्षे मांडली होती. या विषयावरील शाही आयोगाचा अहवाल १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला, तरी पहिल्या दहा परिचारिका येण्यास आणखी पंचवीस वर्षे लागली. १९०२ मध्ये या सेवेला राणी अलेक्झांड्रा यांचे नाव मिळाले. १ ऑक्टोबर १९२६ रोजी भारतीय लष्करी परिचर्या सेवा स्थापन झाली, आणि तोच दिवस आजही सेवेचा स्थापना दिन मानला जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ च्या अध्यादेशाने, परिचारिकांना राजादिष्ट अधिकाऱ्यांचा दर्जा मिळाला. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस आजही याच अध्यादेशावर उभी आहे, आणि त्यात नेमणुकीस केवळ महिला पात्र धरल्या आहेत.

दर्जा अधिकाऱ्याचा असला तरी नोकरीचे स्थैर्य दीर्घकाळ डळमळीत होते. १९७७ च्या एका लष्करी आदेशानुसार विवाह हे परिचारिका-अधिकाऱ्याला सेवामुक्त करण्याचे एक कारण ठरू शकत असे. हा आदेश १९९५ मध्ये मागे घेण्यात आला. १९८८ मध्ये विवाहानंतर सेवेतून दूर केलेल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये असा नियम उघडउघड मनमानी असल्याचे म्हटले आणि ६० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. पदव्युत्तर शिक्षणाशी या इतिहासाचा थेट संबंध आहे. तज्ज्ञता ही सेवेच्या दहाव्या-पंधराव्या वर्षी फळाला येणारी गोष्ट असल्याने, ऐन तिशीच्या आत सेवा संपण्याची टांगती तलवार असताना अशा शिक्षणावर वेळ आणि पैसा खर्च करण्याचा विचार ना संस्थेला करता येत होता, ना परिचारिकेला.

नाशिकचे विद्यापीठ आणि लष्करी महाविद्यालये

सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय १ मे १९४८ रोजी डॉ. बिधानचंद्र रॉय समितीच्या शिफारशीनुसार स्थापन झाले. १९६० च्या दशकात तेथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले, आणि त्याचा विद्यापीठीय संबंध त्या काळी पुणे विद्यापीठाशी होता. जून १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली व वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या आदी शाखांची राज्यभरातील महाविद्यालये एका छत्राखाली आली. विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकमध्ये दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळ येथे आहे. लष्करी महाविद्यालय केंद्रीय संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत असले तरी परीक्षा आणि पदवी यांसाठी ते याच राज्य विद्यापीठाशी जोडलेले आहे.

लष्कराच्या सहा परिचर्या महाविद्यालयांत मिळून बी.एस्सी. नर्सिंगच्या २२० जागा आहेत. त्यांपैकी पुण्यातील ४० आणि मुंबईतील नौदलाच्या अश्विनी रुग्णालयातील ४० जागा नाशिकच्या विद्यापीठाच्या कक्षेत येतात. उत्तीर्ण विद्यार्थिनींना लेफ्टनंट हुद्द्यावर सेवेत घेतले जाते. २०२१ मध्ये लेफ्टनंट जनरल (निवृत्त) डॉ. माधुरी कानिटकर यांची विद्यापीठाच्या कुलगुरुपदी नियुक्ती झाली. त्या पुण्याच्या या लष्करी महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थिनी व माजी अधिष्ठाता आहेत.

नाशिक शहरालगत देवळाली ही जुनी छावणी आहे. तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आणि लष्करी रुग्णालय तेथे आहे. तरीही शल्य परिचर्येचे पदव्युत्तर शिक्षण देवळालीत न होता पुण्यात होते, याचे कारण रुग्णसंख्येत आणि शाखांच्या वैविध्यात आहे. पुण्यात दक्षिण कमानीचे कमांड हॉस्पिटल, हृदय व छातीच्या शस्त्रक्रियांची लष्करी संस्था, खडकीचे लष्करी रुग्णालय, मज्जारज्जूच्या इजेने अपंग झालेल्या जवानांसाठीचे खडकीचे पुनर्वसन केंद्र आणि १९४४ पासून चालणारे कृत्रिम अवयव केंद्र ही सर्व एका शहरात आहेत. जखमेपासून कृत्रिम पायापर्यंतचा रुग्णाचा संपूर्ण प्रवास विद्यार्थिनीला तेथे पाहता येतो. छोट्या छावणीतील रुग्णालयात त्याचा एखादाच टप्पा दिसतो.

अभ्यासक्रम

एम.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्याची चौकट भारतीय परिचर्या परिषदेने ठरवलेली आहे. प्रवेशासाठी बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगमध्ये किमान ५५ टक्के गुण आणि कामाचा किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. लष्करी महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थिनी बहुधा सेवेतील अधिकारीच असतात, त्यामुळे त्यांचा प्रत्यक्ष अनुभव या किमान मर्यादेच्या बराच पुढचा असतो.

परिषदेच्या चौकटीत दोन वर्षांचे मिळून ३,४०० तास येतात, त्यांपैकी ९०० तास सिद्धांताचे आणि २,५०० तास प्रात्यक्षिकाचे आहेत. पहिल्या वर्षी परिचर्या शिक्षणशास्त्र, प्रगत परिचर्या, संशोधन व संख्याशास्त्र आणि निवडलेल्या शाखेचा पहिला भाग शिकवला जातो. दुसऱ्या वर्षी परिचर्या व्यवस्थापन, शाखेचा दुसरा भाग आणि ३०० तासांचे प्रबंधाचे काम असते. निवडलेल्या शाखेच्या वाट्याला दोन्ही वर्षांत मिळून १,९०० तास येतात, म्हणजे निम्म्याहून थोडे अधिक. शिक्षणशास्त्र आणि व्यवस्थापन यांना प्रत्येकी ३०० तास दिलेले आहेत. पदवीधर परिचारिका पुढे अध्यापिका किंवा प्रशासक होईल हे गृहीतक या वाटपातच दिसते.

मेडिकल-सर्जिकल नर्सिंग शाखेत दुसऱ्या वर्षी उपशाखा निवडावी लागते. हृदय व छाती, अतिदक्षता, कर्करोग, मज्जासंस्था, मूत्रपिंड व मूत्रमार्ग, अस्थिरोग आणि जठरांत्र या सात उपशाखा चौकटीत आहेत. शस्त्रक्रियागृहातील परिचर्या त्यांत नाही. ती परिषदेने एका वर्षाच्या पदविकेत ठेवली आहे, तसेच भाजलेल्या रुग्णांच्या शुश्रूषेचेही. यामुळे शस्त्रक्रियेच्या टेबलाशी सर्वाधिक निगडित असलेले कौशल्य पदव्युत्तर पदवीच्या बाहेर राहते. लष्करासाठी ही उणीव नागरी रुग्णालयापेक्षा अधिक जाणवणारी आहे.

लष्करी शल्य परिचर्येचे वेगळेपण

नागरी रुग्णालयातील बहुतेक शस्त्रक्रिया ठरवून होतात आणि त्यांची चीर स्वच्छ असते. गोळी किंवा स्फोटाची जखम तशी नसते. तिच्यात माती, कपड्याचे तुकडे, धातूचे कण आणि मृत ऊती असतात. अशी जखम तातडीने शिवली तर आत जंतुसंसर्ग कोंडला जातो, म्हणून मृत भाग काढून ती उघडीच ठेवतात आणि साधारण चार-पाच दिवसांनी, ती स्वच्छ दिसल्यावर, बंद करतात. पहिल्या महायुद्धात असंख्य सैनिकांच्या मृत्यूंनंतर पक्का झालेला हा नियम आजही पाळला जातो. उघड्या जखमेच्या त्या चार-पाच दिवसांत शल्यचिकित्सक दिवसातून एक-दोनदा येतो, परिचारिका मात्र प्रत्येक पाळीत तिथे असते. ऊतीचा रंग बदलला, वास आला, सूज कडक झाली, रुग्णाला जखमेच्या मानाने फार वेदना होऊ लागल्या, तर ते प्रथम तिच्याच लक्षात येते. वायुजन्य कोथासारख्या संसर्गात काही तासांच्या उशिरानेही हातपाय किंवा जीव जाऊ शकतो.

दुसरा फरक साखळीचा आहे. जखमी जवान पलटणीच्या मदत केंद्रापासून फील्ड हॉस्पिटल आणि तेथून कमांड हॉस्पिटलपर्यंत टप्प्याटप्प्याने मागे आणला जातो. आघाडीवरील टप्प्यांत रक्तस्राव थांबवणे आणि जीव वाचवणे एवढेच साधले जाते. मूळ दुरुस्तीची शस्त्रक्रिया मागच्या रुग्णालयात होते. थंडी, रक्तातील आम्लता आणि रक्त गोठण्याची क्षमता कमी होणे ही तीन संकटे एकमेकांना वाढवत नेतात. यामुळे रुग्णाला ऊबदार ठेवणे ही साधी वाटणारी गोष्टही उपचाराचाच भाग असते. टूर्निके केव्हा बांधले, किती रक्त दिले, जखमेत काय आढळले ही माहिती प्रत्येक टप्प्यावर अचूक पुढे गेली नाही, तर पुढच्या शल्यचिकित्सकाला अंदाजाने काम करावे लागते. उंच बर्फाळ प्रदेशातील हिमदंशाचे रुग्णही याच साखळीने खाली येतात. त्यांच्या बाबतीत कोणता भाग जगेल हे कळण्यास कित्येक आठवडे लागू शकतात, आणि घाईने कापणे टाळून तो काळ नेटाने सांभाळणे हे प्रामुख्याने शुश्रूषेचे काम ठरते.

आघाडीवरील प्राथमिक शुश्रूषा आर्मी मेडिकल कोअरचे नर्सिंग असिस्टंट करतात. हे जवान असतात, पदवीधर परिचारिका नव्हेत. त्यांना शिकवणे, त्यांच्या हातात देता येईल अशी सोपी कार्यपद्धती लिहून देणे आणि मागे आलेल्या रुग्णांच्या स्थितीवरून ती सुधारत राहणे हे काम तज्ज्ञ परिचारिकेच्या व्याख्येत अचूक बसते.

पदवी आणि पद

एम.एस्सी. नर्सिंग झालेल्या अधिकाऱ्यापुढे प्रामुख्याने दोन वाटा असतात. पहिली अध्यापनाची. परिचर्या महाविद्यालयातील अध्यापकपदासाठी ही पदवी आवश्यक असल्याने लष्कराच्या सहा महाविद्यालयांना अशा अधिकाऱ्यांची सतत गरज भासते. दुसरी वाट हुद्द्यानुसार वर चढत प्रशासनाकडे जाते, आणि मोठ्या लष्करी रुग्णालयात तिचे टोक प्रिन्सिपल मेट्रन हे पद असते. दोन्ही कामे महत्त्वाची असली तरी दोन्ही वाटांवर १,९०० तासांत मिळवलेले शाखेचे प्रावीण्य रुग्णशय्येपासून दूर जाते. यात बदल्यांची भर पडते. मज्जासंस्थेच्या शुश्रूषेत तयार झालेल्या अधिकाऱ्याची नेमणूक त्या शाखेचा विभागच नसलेल्या रुग्णालयात होऊ शकते.

अडथळा कायद्याचाही आहे. वेदनाशामकाची मात्रा बदलणे, निचऱ्याची नळी काढणे, तपासणी मागवणे यांसारखे निर्णय तज्ज्ञ परिचारिकेने स्वतंत्रपणे घ्यावेत की नाही, हे पदवी ठरवत नाही. ते अधिकार नियमांनी द्यावे लागतात. भारतीय परिचर्या परिषदेने २०१० च्या दशकात अतिदक्षता विभागासाठी ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. त्यात शिक्षणशास्त्रापेक्षा रुग्णसेवेला प्राधान्य आहे आणि ठरावीक लिखित मार्गदर्शनानुसार निर्णय घेण्याची तयारी करून घेतली जाते. शल्य परिचर्येला असा स्वतंत्र अभ्यासक्रम नसला, तरी मोठ्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दिवस अतिदक्षता विभागातच जात असल्याने दोहोंचा पुष्कळसा भाग सामाईक आहे. २०२३ मध्ये संसदेने १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग कायदा संमत केला. शिक्षणाची मानके आणि व्यवसायाची व्याप्ती हे दोन्ही विषय या नव्या आयोगाकडे येतात.

सैन्यदलांना या बाबतीत एक सोय आहे. त्यांची रुग्णालये, महाविद्यालये आणि नेमणुका एकाच यंत्रणेखाली आहेत, त्यामुळे एखाद्या कमांड हॉस्पिटलच्या शल्य विभागात तज्ज्ञ परिचारिकेचे पद निर्माण करून त्यावरील अधिकाऱ्याला काही वर्षे तेथेच ठेवणे ही मुख्यतः अंतर्गत निर्णयाची बाब आहे. राज्याच्या नागरी रुग्णालयांत त्यासाठी आरोग्य विभाग, वित्त विभाग आणि सेवा नियम यांची वाट पाहावी लागते. शस्त्रक्रियागृहातील परिचर्येला उपशाखा म्हणून स्थान देण्यासाठी मात्र परिचर्येच्या राष्ट्रीय चौकटीतच बदल व्हावा लागेल. तसा बदल झाल्यास त्यानुसार परीक्षा घेणे आणि पदवी देणे हे काम नाशिकच्या विद्यापीठाकडे येईल.