कल्याण येथेच का वसले?

भूगोल म्हणजे नद्या, पिके आणि राजधान्या यांची पाठ करावयाची यादी, अशी आपणांपैकी पुष्कळांची शाळेपासूनची समजूत असते. परंतु एखादे गाव जेथे वसले तेथेच का वसले, असा प्रश्न केला की तीच यादी बोलू लागते. आज हा प्रश्न आपल्या कल्याणविषयीच विचारून पाहू.

महाराष्ट्राचे क्षेत्रफळ सुमारे ३,०७,७०० चौरस किलोमीटर आहे. सह्याद्रीच्या पश्चिमेची चिंचोळी पट्टी म्हणजे कोकण. पूर्वेस हळूहळू उतरत जाणारे विस्तीर्ण पठार. समुद्रावरून येणारे ढग या भिंतीशी अडतात. म्हणून कोकणात वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर घाटापलीकडील पर्जन्यछायेत अवघा पाचसहाशे. इकडे भात, मीठ व मासळी. तिकडे ज्वारी, बाजरी व कापूस. जिन्नस निराळे असले म्हणजे देवघेव आलीच, आणि देवघेवीसाठी भिंतीला दारे हवीत.

ही दारे कल्याणच्या समोरच आहेत. नाणेघाट जुन्नरला नेतो, थळघाट नाशिककडे, बोरघाट पुण्याकडे. शिवाय समुद्राची भरती उल्हास नदीतून येथपर्यंत येते. त्यामुळे गलबत आणि बैल यांची गाठ येथे पडली. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याणचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणकरांची दाने कोरलेली आहेत. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतले, तेही या जागेचे मोल ओळखूनच. आगगाडी १८५४ मध्ये कल्याणला आली, १८६३ मध्ये बोरघाट व १८६५ मध्ये थळघाट चढली. जंक्शन इंग्रजांनी बांधले खरे, पण त्याची जागा डोंगराने आधीच नेमून ठेवली होती.

मात्र ज्या सखल भूमीने बंदर दिले, तिचा स्वभाव बदललेला नाही. भरती आणि पूर एकदम आले की पाणी पूर्वी खाजणांत व भातखाचरांत पसरे. त्यांवर भराव घालून आपण वस्त्या केल्या. २६ जुलै २००५ रोजी उल्हास आणि वालधुनी यांचे पाणी घरांत शिरले, तेव्हा हा विसरलेला धडा नदीनेच पुन्हा शिकविला.

घर घेताना स्टेशन किती मिनिटांवर, हे आपण आवर्जून विचारतो. जमीन किती उंचावर आणि नाला कोणीकडे वाहतो, हेही विचारू लागलो, तर शाळेतला भूगोल कामी आला असे म्हणता येईल.