चांदीवरचा ९२५ हा आकडा

पैंजण, जोडवी, करदोटा, बाळाचे वाळे अशी थोडीफार चांदी आपल्या प्रत्येकाच्या घरी असते. अडीअडचणीला हीच चांदी मोडावी लागते. म्हणून तिच्यावरचा आकडा आपल्याला वाचता आला पाहिजे, असे मला वाटते.

शुद्ध चांदी फार मऊ असते. तिचे दागिने लवकर वाकतात आणि झिजतात. म्हणून तिच्यात दुसरा धातू, बहुतेक वेळा तांबे, मिसळतात. १००० भागांत ९२५ भाग चांदी असली की तिला स्टर्लिंग चांदी म्हणतात. इंग्लंडात १३०० साली राजाने कायदा करून हे प्रमाण ठरवून दिले.

आता गणित बघा. पैंजण आहेत २०० ग्रॅमचे. आकडा ९२५ असेल तर त्यात चांदी १८५ ग्रॅम. आकडा ८०० असेल तर फक्त १६० ग्रॅम. वजन तेच, पण चांदी २५ ग्रॅम कमी! मोडताना पैसे चांदीचेच मिळतात, तांब्याचे नाही.

काळी पडली म्हणजे चांदी खोटी, असे माझी आजी म्हणते. पण हवेतल्या गंधकामुळे खरी चांदीसुद्धा काळी पडते. उलट 'जर्मन सिल्व्हर' नुसते चकाकते. त्यात तांबे, जस्त आणि निकेल असते, चांदी मुळीच नसते.

नुसता आकडा काय, कोणीही ठोकील! म्हणून शेजारी भारतीय मानक ब्यूरोचे त्रिकोणी चिन्ह आहे का ते बघावे. पावतीवर वजन आणि आकडा दोन्ही लिहून घ्यावेत.

मित्रांनो, घरी गेल्यावर आईच्या पैंजणांची कडी उलटून बघा. आकडा असला तर बहुधा तिथेच, अगदी बारीक असतो.