घरी आजारी, वाटेवर ठणठणीत!



मे महिन्याची सुट्टी मामाच्या गावी घालवून परत आलात, की पहिले दोन-चार दिवस कसं वाटतं? घर तेच, अंथरूण तेच, आईच्या हातची आमटीही तीच. पण मन मात्र अजून मामाच्या विहिरीत पोहत असतं! आई म्हणते, "अरे, ताटात लक्ष दे." आणि तुम्ही मनातल्या मनात म्हणत असता, आता पुन्हा कधी जायला मिळणार?

ही झाली एका महिन्याच्या सुट्टीची गोष्ट. आता कल्पना करा, कुणी वर्ष-दीड वर्ष परमुलखात राहून घरी आलं, तर त्याच्या मनाचं काय होत असेल? आपण म्हणतो, "आला बाबा घरी, सुटला एकदाचा!" पण नेहमीच तसं होत नाही, बरं का. काही जणांना घरी आल्यावर त्या दूरच्या मुलखाची अशी ओढ लागते, की अन्न गोड लागत नाही आणि रात्री झोप येत नाही.

आज अशाच एका बाईंची ओळख करून घेऊ. गोष्ट अगदी खरी आहे. त्यांचं नाव इझाबेला बर्ड. बर्ड म्हणजे पक्षी. आडनाव किती शोभून दिसतं, ते पुढे कळेलच!

शंभर पौंडांचं औषध

इझाबेलाचा जन्म 15 ऑक्टोबर 1831 रोजी इंग्लंडमधल्या यॉर्कशर परगण्यात झाला. वडील धर्मोपदेशक होते. इझाबेला अंगाने लहानखुरी. मोठी झाल्यावरही तिची उंची पाच फुटांना जरा कमीच भरली. लहानपणापासून तिची पाठ दुखायची. अठराव्या वर्षाच्या सुमारास पाठीच्या कण्याजवळची एक गाठ शस्त्रक्रिया करून काढावी लागली. पण दुखणं काही पुरतं गेलं नाही. पाठदुखी, डोकेदुखी आणि निद्रानाश. दिवसचे दिवस कोचावर पडून काढावे लागत.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "हिला समुद्रप्रवासाला पाठवा." मग 1854 साली वडिलांनी तिच्या हातावर शंभर पौंड ठेवले आणि सांगितलं, हे पैसे पुरतील तोवर अमेरिकेत राहा. आणि काय आश्चर्य! बोटीवर पाय ठेवल्यावर पोरीची तब्येत सुधारू लागली. घरी परतल्यावर तिने त्या प्रवासाचं पुस्तक लिहिलं. ते 1856 साली प्रसिद्ध झालं.

पण घरी आल्यावर दुखणंही परत आलं.

पुढे 1858 साली वडील गेले. दोघी बहिणी आईबरोबर स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला राहू लागल्या. 1866 साली आईही गेली. आता दोघीच उरल्या. धाकटी हेन्रिएटा, म्हणजे घरातली लाडकी हेन्नी. ही अगदी घरकोंबडी! स्कॉटलंडच्या मल बेटावर टोबरमोरी नावाचं टुमदार बंदर आहे. तिथल्या तिच्या छोट्या घरात ती सुखात असे. एकीच्या पायाला भिंगरी, तर दुसरीचा पाय उंबऱ्यातच. पण दोघींचा जीव मात्र एकमेकींत गुंतलेला.

आडवाटेवरची इझाबेला

1872 साली, वयाच्या चाळिशीत, इझाबेला पुन्हा निघाली. ऑस्ट्रेलियात तिचं मन रमलं नाही. न्यूझीलंडहून एका जुनाट, गळक्या बोटीने ती पॅसिफिक महासागर ओलांडू लागली. वाटेत भयंकर वादळ झालं. तुम्ही-आम्ही देवाचा धावा केला असता. इझाबेलाला मात्र हुरूप आला! बोटीवर एका बाईचा मुलगा फार आजारी होता. त्याच्या मदतीसाठी ती हवाई बेटांवर उतरली आणि जवळजवळ सात महिने तिथेच राहिली.

हवाईत तिला एक मोठा शोध लागला. त्या काळी इंग्लंडमधल्या बायकांनी घोड्यावर दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून बसायचं, अशी रीत होती. त्यामुळे सगळं अंग पिळवटून जाई आणि तिची दुखरी पाठ आणखी दुखे. हवाईच्या बायका मात्र सरळ घोड्यावर मांड ठोकून बसत. इझाबेलानेही तसंच करून पाहिलं, आणि पाठदुखी पळाली! मग काय विचारता? डोंगरदऱ्या, नद्या, धबधबे. मौना लोआ या 4,169 मीटर उंच ज्वालामुखीवरसुद्धा ती चढून गेली.

तिथून ती अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात गेली. 1873 सालची ती शरद ऋतूतली भटकंती. घोड्यावरून सुमारे आठशे मैल! लाँग्ज पीक नावाच्या शिखरावरही ती पोचली. त्याची उंची 4,346 मीटर. आपल्या कळसूबाईच्या अडीचपटीहून जास्त! वाटाड्या होता रॉकी माउंटन जिम. अस्वलाच्या हल्ल्यात त्याचा एक डोळा गेलेला. शेवटच्या चढणीवर इझाबेलाला त्याने जवळजवळ ओढूनच वर नेलं.

या सगळ्या प्रवासात दिवसभराची रपेट संपली, की इझाबेला एक काम करी. मेणबत्तीच्या नाहीतर शेकोटीच्या उजेडात हेन्नीला पत्र लिहायचं. आज काय पाहिलं, काय खाल्लं, कुठे आपटले, कशाचं हसू आलं, सारं सारं त्यात असे. पुढे तिची गाजलेली पुस्तकं तयार झाली, ती याच पत्रांमधून!

पुन्हा तोच कोच

1874 सालच्या सुरुवातीला ती एडिंबरोला परतली. घर छान होतं, बहीण जिवाभावाची होती. कशाला काही कमी नव्हतं. तरी थोड्याच दिवसांत पाठ दुखू लागली, झोप उडाली, मन उदास झालं.

तुम्ही म्हणाल, हे सोंग असेल. शाळा बुडवायला पोट दुखतं, तसं! छे. तिचं दुखणं खरंच होतं. पण जरा विचार करा. डोंगरात ती स्वतः वाट शोधत होती, घोड्याला खोगीर घालत होती, उघड्यावर झोपत होती. घरी काय? भेटायला येणाऱ्यांना चहा द्यायचा आणि नीटनेटकं बसायचं. घर बदललं नव्हतं. बदलली होती इझाबेला. लहानपणीचा सदरा मोठेपणी अंगात घालावा, तो काचतो ना? त्यात सदऱ्याचा दोष नाही आणि अंगाचाही नाही.

या गोष्टीचा पुढे शास्त्रीय अभ्यासही झाला. 1955 साली नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या देशबांधवांची माहिती गोळा केली. परदेशात गेल्यावर माणूस आधी आनंदात असतो, मग त्याचं मन खाली जातं आणि हळूहळू पुन्हा वर येतं, असं त्यांना दिसलं. म्हणजे इंग्रजी 'यू' अक्षरासारखं. 1963 साली जॉन आणि जीन गलाहॉर्न या पतिपत्नींनी म्हटलं, की गोष्ट तिथे संपत नाही. घरी परत आल्यावर पुन्हा तसाच खड्डा येतो. दोन 'यू' शेजारी शेजारी काढा पाहू. झाला की नाही 'डब्ल्यू'?

परक्या देशात अडचण येणार, हे आपण धरूनच चालतो. आपल्याच घरी अडचण येईल, असं मात्र कुणाला वाटत नाही. म्हणून हा दुसरा खड्डा जास्त गोंधळात टाकतो. माणूस कुणाला सांगतही नाही. आपल्याला लोक कृतघ्न म्हणतील, अशी भीती वाटते.

माझ्या वर्गात एकदा एक मुलगी आली. वडिलांच्या नोकरीमुळे ती तीन वर्षं मस्कतला राहिली होती. "आमच्या मस्कतला ना..." असं तिने सुरू केलं, की मुलं हसायची. "आली मस्कतवाली!" म्हणायची. हळूहळू ती बोलायचीच थांबली. मग एके दिवशी भूगोलाच्या तासाला मी तिलाच फळ्याजवळ बोलावलं आणि म्हटलं, "आज तू शिकव." तिने समुद्र, डोंगर, उन्हाळा, बाजार असं काय काय सांगितलं! मुलं तास संपल्यावरही प्रश्न विचारत होती. मस्कतची आठवण काढते म्हणून तिला आपलं गाव आवडत नाही, असं मुळीच नव्हतं. तिला ऐकणारं कुणीतरी हवं होतं, एवढंच.

ऐकणारं माणूस

इझाबेलाकडे असं माणूस होतं, ते म्हणजे हेन्नी. 1878 साली इझाबेला जपानला गेली. इतो नावाच्या तरुण दुभाष्याला सोबत घेऊन, परदेशी पाहुणे क्वचितच जात अशा उत्तरेकडच्या भागात ती हिंडली. थेट होक्काइडो बेटावरच्या आयनू लोकांच्या वस्तीपर्यंत! परतीच्या वाटेवर मलाया द्वीपकल्पात ती हत्तीवरही बसली. आणि रोजची हकिगत? अर्थातच हेन्नीला!

1879 साली ती घरी आली. आणि 1880 च्या जूनमध्ये हेन्रिएटा विषमज्वराने वारली.

मुलांनो, इझाबेलावर आकाशच कोसळलं. जग तेच होतं, बोटी त्याच होत्या. पण आता पत्र कुणाला लिहायचं? दूरच्या वाटेची ओढ तिला नेहमीच होती. पण त्या वाटेची गोडी घरी वाट पाहणाऱ्या बहिणीमुळे दुणावत होती, हे आता तिला फार जाणवलं.

1881 साली तिने डॉक्टर जॉन बिशप यांच्याशी लग्न केलं. हेन्नीच्या आजारात त्यांनीच तिच्यावर उपचार केले होते. डॉक्टर मोठे समजूतदार. ते गमतीने म्हणत, की माझ्या बायकोच्या मनात मला एकच प्रतिस्पर्धी आहे, आणि तो म्हणजे मध्य आशियातलं उंच पठार! पण 1886 साली तेही गेले.

इझाबेला रडत बसली नाही. लंडनमध्ये तिने रुग्णसेवेचं शिक्षण घेतलं आणि 1889 साली ती आपल्या भारतात आली. काश्मीरमध्ये पतीच्या नावाने आणि अमृतसरमध्ये बहिणीच्या नावाने तिने रुग्णालय उभारायला मदत केली. तिथून ती लडाखला गेली. आजवर तिने दूरच्या मुलखांकडून आनंद आणि आरोग्य घेतलं होतं. आता ती त्यांना काही देऊही लागली.

पुढे इराण झालं. 1892 साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने पहिल्यांदाच स्त्रियांना सभासद करून घेतलं. त्या पहिल्या स्त्रियांमध्ये इझाबेलाचं नाव होतं. साठी उलटली तेव्हा ती छायाचित्रण शिकली आणि कॅमेरा घेऊन कोरिया, चीन पालथा घालून आली. 1901 साली मोरोक्कोला गेली, तेव्हा वय होतं 69. घोडा इतका उंच, की चढायला शिडी लावावी लागे! पण शिडी लावून का होईना, आजीबाई चढत होत्या.

7 ऑक्टोबर 1904 रोजी एडिंबरोमध्ये तिचं निधन झालं. तेव्हाही पुन्हा चीनला जाण्यासाठी तिचं सामान बांधून तयार होतं.

टोबरमोरीच्या बंदरावर आजही एक घड्याळाचा मनोरा उभा आहे. हेन्नीच्या आठवणीसाठी इझाबेलाने ठेवलेल्या पैशांतून तो 1905 साली उभा राहिला. चीनसाठी बांधलेलं सामान आणि घरच्या बंदरावरचं घड्याळ, दोन्ही एकाच बाईंचं!

आई-बाबांसाठी दोन शब्द

तुमचं मूल परगावाहून, परदेशातून किंवा नुसतं आजोळहून आलं आणि गप्प गप्प राहिलं, तर "आता पुरे झालं ते" असं म्हणू नका. दहा मिनिटं जवळ बसवा आणि विचारा, "तिकडचं सांग की!" मुलाचं मन घरावरून उडालेलं नसतं. ते थोडं मोठं झालेलं असतं, आणि त्यात आता दोन गावं मावायची असतात.

आणि मुलांनो, तुम्हाला एक काम. जगाचा नकाशा घ्या आणि इंग्लंड, हवाई, रॉकी पर्वत, जपान, काश्मीर, इराण, कोरिया, चीन, मोरोक्को ही ठिकाणं शोधून पेन्सिलीने जोडा. मग तुम्हाला ज्या गावाची फार आठवण येते, त्या गावाबद्दल एक पत्र लिहा. पण ते लिहा अशा माणसाला, ज्याने ते गाव कधी पाहिलेलं नाही. पाहू या, त्याला तिथे जावंसं वाटतं का!